प्रोसेसर पॉलिश पेपरने घासून सपाट केला तर खरंच थंड राहतो का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. इंटेलचा आय७-१२७०० प्रोसेसर, त्याच्यासोबत बॉक्समधे आलेलाच कूलर (प्रोसेसरवर बसणारा पंखा), घर सोलापुरात अशोक चौकाजवळ आणि खाली पॉवरलूम, मे महिन्यात लग्नाचे व्हिडिओ रेंडरला (एडिट केलेला व्हिडिओ फायनल तयार करायला) लावले की प्रोसेसर थेट १०० डिग्रीला जाऊन बसतो, म्हणून पॉलिश पेपर आणून त्याचं झाकण घासायचा विचार चाललाय. मी हे स्वतः केलंय म्हणून सांगतो, १२७०० वर करू नका. घासून काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही, पण तुमची उष्णता जिथं अडकतीय तिथं पॉलिश पेपर पोचतच नाही.

आधी घासतात कशासाठी ते बघा. प्रोसेसरवर जे चकचकीत झाकण दिसतं ते तांब्याचं असतं, वर निकेलचा पातळ मुलामा. ते झाकण आणि कूलरचा तळ, दोन्ही डोळ्याला सपाट दिसले तरी मधे बारीक खड्डे-उंचवटे असतात आणि त्या फटीत हवा राहते. तांबं हवेपेक्षा जवळपास पंधरा हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणून तर आपण त्या फटीत थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावतो, पण पेस्टसुद्धा तांब्याच्या मानाने लई कच्ची. पेस्टचा थर जितका पातळ तितकं चांगलं आणि दोन्ही बाजू सपाट असल्या की तो पातळ होतो, घासण्याचा फायदा एवढाच. निकेल निघून तांबं उघडं पडलं म्हणून गार राहतो असं बरेच जण सांगतात, पण तो मुलामा इतका पातळ असतो की त्यानं काही अडत नाही.

माझ्याकडे सेकंडहँड आय७-४७९० हा इंटेलचाच जुना प्रोसेसर होता. फोटो फ्रेमवाल्याकडून ५ एमएमची काच कापून आणली, मधल्या मारुतीजवळ हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६००, ८००, १०००, १५०० नंबरचे वॉटर पेपर घेतले. कागद काचेवर टेपने ताणून बसवला, प्रोसेसरच्या खालच्या बाजूला त्याचंच प्लास्टिकचं कव्हर लावून कडा टेपने बंद केल्या, कारण घासताना निघणारी भुकटी धातूची असते आणि ती खालच्या कॉन्टॅक्टवर किंवा बारीक कॅपॅसिटरमधे बसली तर शॉर्ट होऊ शकतं. मग झाकणावर परमनंट मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि घासायला सुरुवात केली, अजिबात दाब न देता, दहा वेळा पुढे-मागे की प्रोसेसर ९० अंशात फिरवायचा, परत दहा. थोड्या वेळाने उचलून बघितलं तर चारी कडांच्या रेघा गेलेल्या आणि मधल्या जशाच्या तशा काळ्याकुट्ट. म्हणजे झाकण मधे खोलगट होतं हे डोळ्याला दिसलं. मधली शेवटची रेघ जायला सव्वा तास लागला, तोवर कडेला तांब्याचा गुलाबी रंग आलेला आणि इंटेलचं नाव, मॉडेल नंबर सगळं पुसलं गेलं. आता ते कुणाला विकायचं म्हटलं तर हा कुठला प्रोसेसर हेच सांगता येत नाही, वॉरंटी तर गेलीच. आणि एक, आरशासारखी चमक आली म्हणजे सपाट झालं असं नसतं, बोटाचा दाब एका बाजूला पडला तर चमकदार पण गोलसर होतं, ते आधीपेक्षा वाईट.

आता टेम्परेचरचं. घासायच्या आधी मी दुपारी तीनला टेस्ट केली होती, ८९ आलं. घासून बसवून रात्री एकला टेस्ट केली, ७७! बारा डिग्री कमी म्हणून मी आनंदाने मित्राला फोनही केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तोच रेंडर लावला तर ८६. आमची वरच्या मजल्यावरची खोली, दुपारी आत ३९ असायची आणि रात्री ३०, म्हणजे त्या बारातले नऊ डिग्री सोलापूरच्या रात्रीचे होते आणि पॉलिश पेपरचे तीन. तेव्हापासून मी प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचं टेम्परेचर वजा केल्याशिवाय काही मानत नाही. तुम्हीपण एक साधा थर्मामीटर कॅबिनेटजवळ ठेवा, नाहीतर कुठल्या उपायाने किती फरक पडला ते कधीच कळणार नाही.

तीनच का, तर ४७९० मधे झाकणाच्या आत चिप आणि झाकण यांच्यामधे कारखान्यातूनच साधी पेस्ट भरलेली असते. २०१२ च्या तिसऱ्या पिढीपासून इंटेलने सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरमधे हेच केलं होतं. उष्णता आतच अडकलेली, मी बाहेरून घासत होतो.

तुमच्या १२७०० मधे आत पेस्टऐवजी सोल्डर (वितळवून जोडलेला धातू) आहे त्यामुळे ती अडचण नाही, पण दुसरी आहे. मदरबोर्डवर तुमचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या एलजीए१७०० सॉकेटचा जो लोखंडी क्लॅम्प आहे तो लांबट प्रोसेसरला दोन बाजूंनी मधोमध दाबतो, त्यामुळे झाकण मधे किंचित दबतं आणि दोन्ही टोकं वर राहतात. आता विचार करा, तुम्ही प्रोसेसर बाहेर काढून काचेवर अगदी सपाट केला आणि परत त्याच क्लॅम्पमधे घातला तर तो परत वाकणारच ना? मेहनत गेली, वॉरंटी गेली आणि वाक तिथंच. त्याच्यासाठी कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, थर्मलराइटसारख्या कंपन्या बनवतात, क्लॅम्प काढून ती बसवायची, चारी बाजूंनी सारखा दाब येतो. स्क्रू मात्र थोडा थोडा, तिरप्या कोपऱ्यांत आलटून पालटून फिरवायचा, जास्त आवळला तर कधी कधी रॅमची एक स्टिक दिसायची बंद होते, मग घाबरू नका, पाव-पाव फेरी सैल करा. इंटेल या बदलालाही वॉरंटी देत नाही हे लक्षात ठेवा.

पण फ्रेमच्याही आधी दोन कामं आहेत आणि माझ्या मते तुमचा ९० टक्के प्रश्न तिथंच सुटेल. एक म्हणजे खाली पॉवरलूम आहे म्हणताय ना, तर कूलरचा पंखा काढून खालच्या पट्ट्यांत बघा. पूर्व भागातल्या एका मित्राचा पीसी उघडला होता तेव्हा पंख्याखाली कापसाच्या तुसाचा अख्खा थर निघाला, बोटाने उचलला तर टॉवेलचा तुकडा वाटावा असा सलग. हवा जायला जागाच नव्हती. तुमच्याकडे दर महिन्याला ब्लोअर मारावा लागेल, मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, आणि कॅबिनेटला समोर बारीक जाळी लावा जी काढून धुता येते.

दुसरं म्हणजे बायोसमधली (पीसी चालू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने किती वीज ओढायची त्याची मर्यादा. १२७०० चा बेस ६५ वॅट आणि जास्तीत जास्त टर्बो १८० वॅट आहे, पण बरेच मदरबोर्ड मर्यादाच उठवून ठेवतात, तिथं ४०९६ वॅट असा आकडा लिहिलेला दिसेल, म्हणजे लागेल तेवढी ओढ. बॉक्समधला कूलर रेंडरभर १८० वॅट सांभाळू शकत नाही, त्यात खोलीच ४० ची. लाँग आणि शॉर्ट (जास्त वेळासाठीची आणि थोड्या वेळासाठीची), दोन्ही लिमिट १२० वॅटवर आणा. शेवटचा थोडा स्पीड मिळवायला व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वॅट एक तृतीयांश कमी केले तरी रेंडरचा वेळ त्या मानाने फार थोडा वाढतो. लग्नसराईत रात्रभर रेंडर चालू ठेवणाऱ्या माणसाला हा सौदा परवडतो. त्यानंतर पैसे घालायचेच असतील तर चार-सहा हीटपाईपचा (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा) उंच टॉवर कूलर घ्या.

एवढं करून परत टेस्ट घ्या, दहा मिनिटं रेंडर, खोलीचं टेम्परेचर लिहून. मग कूलर काढाल तेव्हा पेस्टचा छाप नीट बघा, पुसायच्या आधी फोटो काढा. मधे जाड आणि दोन्ही टोकांना जवळपास कोरडा आला तर झाकण वाकलंय, मग फ्रेम मागवा. सगळीकडे सारखा पातळ आला तर झाकणाला हातसुद्धा लावू नका. फोटो इथं कमेंटमधे टाकलात तर मी बघून सांगतो.