लांबच्या इमारती निळ्या-फिक्या केल्या तरी शहराचं चित्र सपाट का दिसतं?

माझ्या मते अडचण त्या निळ्यातच आहे. पावसाळा संपल्यावर स्वच्छ हवेत सह्याद्रीच्या रांगा निळ्या दिसतात, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. शहरावरच्या धुरकट हवेत मात्र धूळ, धूर, बाष्प यांचे मोठे कण असतात आणि ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. म्हणून शहराचं धुरकं राखाडी, आणि सकाळच्या उन्हासमोर तर चक्क पिवळट दिसतं.

हिवाळ्यातल्या सकाळी मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधून नरिमन पॉइंटकडे बघा. टॉवरचे माथे बऱ्यापैकी कळतात, पण खाली येता येता इमारत विरत जाते, पाण्याजवळ तर पायाच दिसत नाही. जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर-धूळ तिथेच अडकून राहते. आपण इमारत वरपासून खालपर्यंत एकाच छटेत भरली की हे सगळं धुरकं चित्रातून निघून जातं.

जलरंगात मी आधी अख्ख्या कागदावर यलो ऑकरचा (मातकट पिवळा) अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर देते, त्यात किंचित लाइट रेड (विटकरी तांबडा). तो पूर्ण वाळला की अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून केलेला राखाडी, आकाशाहून जेमतेम गडद. नरिमन पॉइंटच्या साऱ्या इमारतींचा मिळून एकच आकार वरून खाली ओढायचा आणि तळ यायच्या आत ब्रश धुऊन, झटकून, नुसत्या ओल्या ब्रशने रंग विरवत न्यायचा. ब्रशमध्ये पाणी जास्त राहिलं तर ते वर शिरून डाग पाडतं. खिडक्या अजिबात नकोत. मरीन ड्राइव्हच्या इमारतींची रांग त्याहून गडद, आणि खरा काळोख व धारदार कडा फक्त चौपाटीजवळच्या झाडांना.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने 1899 ते 1901 या काळात लंडनला सॅव्हॉय हॉटेलात राहून वॉटर्लू ब्रिज रंगवला, ती चित्रं जरूर पाहा. पुलामागच्या कारखान्यांच्या चिमण्या आकाशाहून किती थोड्या वेगळ्या ठेवल्यात!

चित्र वाळल्यावर वरून पांढरा पोस्टर कलर फिरवू नका, तो खडूसारखा बसतो. तळ गडद झालाच असेल तर ओल्या ब्रशने हलकेच चोळून टिशूने टिपा. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कॉटन कागद तेवढं सहज सोसतो.