मलम बदलण्याआधी धुण्याची बादली बघा

तुम्ही दिलेली माहिती अशी: बाळ सहा महिन्यांचं, नुकतं वरचं खाणं सुरू झालेलं. दिवसरात्र कापडी डायपर, रात्रीचा एकच आठ-दहा तास. दहा दिवस लाली हटत नाही. खोबरेल तेल, पावडर आणि दोन मलमं लावून झाली. डायपर मशीनला धुता, शेवटच्या पाण्यात अँटिसेप्टिक आणि कपडे मऊ करणारं लिक्विड घालता. पाणी बोअरचं, त्यात पावसाळा. एवढ्यावरून माझं स्पष्ट मत आहे की तिसरं मलम आणू नका. कारण बहुधा धुण्यात आणि बदलण्याच्या वेळेत आहे, आणि तिथे सुधारणा झाल्याशिवाय कुठलंही मलम टिकाऊ काम करणार नाही.

आधी रॅश नीट बघा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, जांघेच्या घड्या हलकेच उघडून. लाली फुगीर भागांवर असेल, म्हणजे ढुंगणावर, ओटीपोटाखाली, मांडीच्या आतल्या गोलाईवर, आणि घड्यांच्या आतली कातडी स्वच्छ असेल, तर तो ओलाव्याचा आणि शू-शीचा साधा रॅश. घडीच्या आत गडद लाल, चकचकीत, कडा ठळक आणि त्या कडेबाहेर सुटे सुटे लाल पुटकुळ्यांचे ठिपके असतील, तर बुरशी म्हणजे कँडिडा. यात तोंडात न पुसली जाणारी पांढरी पुटं दिसली, किंवा बाळाला नुकतीच अँटिबायोटिक्स दिलेली असली, तर शंका आणखी पक्की होते. फक्त शीच्या जागेभोवती लाल कडं असेल तर शी बदललीय किंवा जुलाब होताहेत. कमरेला आणि मांडीला इलॅस्टिकच्या रेषेतच लाली असेल तर डायपर घट्ट आहे किंवा तिथली शिवण ओली राहतेय. आणि डायपर जिथे जिथे टेकतो त्या सगळ्या भागावर सारखीच बारीक पुरळ असेल तर कापडात साबण किंवा त्यातलं सुगंधी द्रव्य उरलाय असं समजा. सावळ्या कातडीवर लाली कमी दिसते, तिथे रंग गडद होणं, चकाकी आणि हाताला लागणारा खरखरीतपणा बघा.

शू एरवी कातडीला फारशी लागत नाही. पण शी आणि कापडातले जंतू शूतल्या युरियाचा अमोनिया करतात, त्याने कातडीचा मूळचा किंचित आम्लपणा जातो, आणि शीतले प्रथिनं-चरबी पचवणारे एन्झाइम जास्त जोमाने काम करायला लागतात. ते मग कातडीवरच काम करतात. म्हणून शू-शी एकत्र बराच वेळ राहिली की रॅश हमखास. वरचं खाणं सुरू झालं की शी बदलते, म्हणून या वयात अचानक त्रास सुरू होणं नेहमीचं आहे. कापडी डायपर ओलावा कातडीला जाणवू देतो, जेल असलेल्या वापरून फेकायच्या डायपरासारखा आत ओढून ठेवत नाही. त्यामुळे कापडीला बदलण्याची शिस्त जास्त लागते, हे मान्य करूनच पुढे जायचं.

पुढचे तीन-चार दिवस असं करा. दिवसा दर दीड-दोन तासांनी डायपर बदला, शी झाली की लगेच. रात्री निदान एकदा तरी बदला. तेही जमत नसेल तर रॅश बरा होईपर्यंत रात्रीपुरता वापरून फेकायचा डायपर खुशाल घाला, त्यात कमीपणा काही नाही. पुसायला कोमट पाणी आणि मऊ सुती कापड किंवा कापूस, वास असलेले वाइप्स बंद. चोळायचं नाही, टिपायचं. घड्यांमधलं पाणी नीट टिपून दोन मिनिटं तसंच उघडं राहू द्या. दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-पंधरा मिनिटं खाली जाड दुपटं टाकून बाळ उघडं ठेवा. घरात असताना वरचं वॉटरप्रूफ कव्हर काढून नुसता सुती लंगोट बांधला तरी हवा खेळते. ओला होईल, बदलावा लागेल, पण कातडी सुटते.

साध्या रॅशला झिंक ऑक्साइडचं मलम पुरतं. चोळून जिरवायचं नाही, खालची कातडी दिसणार नाही इतका जाड थर द्यायचा. पुढच्या वेळी वरची घाण तेवढी पुसा, खालचा पांढरा थर खरवडून काढू नका, त्या खरवडण्यानेच कोवळी कातडी परत सोलते. मात्र झिंक कापडात गेलं की निघता निघत नाही आणि कापड पाणी शोषेनासं होतं, फ्लीससारख्या सिंथेटिक थरावर तर फारच. जुन्या मलमलच्या धोतराची किंवा मऊ सुती साडीची पट्टी आत ठेवा, ती वेगळी धुवा. साध्या रॅशवर खोबरेल तेल चालेल, पण बुरशीला त्याचा भरवसा नाही. पावडर बंद करा. घड्यांत तिचे ओले गोळे होऊन घासतात, आणि तिची धूळ बाळाच्या श्वासात जाणं चांगलं नाही. हळद, डाळीचं पीठ, मोहरीचं तेल सोललेल्या कातडीवर नकोच.

बुरशी दिसत असेल तर क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीवरचं मलम लागतं. ते बालरोगतज्ज्ञांना दाखवूनच सुरू करा आणि लाली गेल्यावरही त्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. औषधाच्या दुकानात बुरशी, जंतू आणि खाज तिन्हीवर म्हणून जी मिश्र मलमं मिळतात, त्यांत पुष्कळदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड असतं. डायपरखाली झाकलेल्या कातडीतून ते जास्त शोषलं जातं. दोन दिवस लाली गेल्यासारखी दिसते, मग कातडी पातळ होते आणि बुरशी अधिक फोफावते. तुमच्या त्या दोन ट्यूबांवरचे घटक आजच वाचा, आणि यातलं नाव दिसलं तर डॉक्टरांना ट्यूब नेऊन दाखवा. ताप, पाण्याचे फोड, पू, मधासारख्या पिवळट खपल्या, रक्त, डायपरच्या भागाबाहेर पसरणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. तुमचे दहा दिवस झालेच आहेत, म्हणून एकदा दाखवणं बरंच.

आता धुणं. मऊ करणारं लिक्विड आणि अँटिसेप्टिक दोन्ही आजपासून बंद. पहिल्याचा मेणचट थर धाग्यावर बसतो आणि डायपर शोषायचा थांबतो, दुसरं शेवटच्या पाण्यात घातलं की धुऊन जात नाही, थेट बाळाच्या कातडीला लागतं. जंतू कमी करायचं काम पुरेशा डिटर्जंटने, गरम पाण्याने आणि कपडे एकमेकांवर घासले जाण्याने होतं. बाळाचे कपडे म्हणून चमचाभर सौम्य लिक्विडात डायपर धुणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. शू-शीचे कपडे म्हणजे सगळ्यात मळके कपडे, त्यांना पाकिटावर जास्त मळक्या कपड्यांसाठी दिलेलं माप लागतं. रिठ्याने रेशीम धुतलं जातं, डायपर नाही. साबणाची वडी घासणंही टाळा, बोअरच्या पाण्यात तिची न विरघळणारी साय होते आणि धाग्यांत अडकते.

क्रम असा ठेवा. शी जेट स्प्रेने लगेच गार पाण्यात काढून टाका, रात्रीचे जास्त भिजलेले इन्सर्ट, म्हणजे डायपरमधल्या शू शोषणाऱ्या पट्ट्या, तेव्हाच खंगाळा. मग जाळीच्या टोपलीत ठेवा, झाकणाच्या बादलीत भिजत नको. दोन दिवसांच्या आत धुवा. पॉकेट डायपरमधले, म्हणजे खिसा असलेल्या डायपरमधले, इन्सर्ट बाहेर काढून आधी थोड्या डिटर्जंटवर एक छोटं धुणं, ते पाणी सोडून द्या. मग पूर्ण मापाचं मोठं धुणं, चाळीस ते साठ अंशांवर, कव्हरच्या लेबलावर जेवढं चालतं तेवढं. ड्रम दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेला हवा. टॉप लोडमध्ये पाणी फार घेतलं की कपडे नुसते तरंगतात, एकमेकांवर घासले जात नाहीत. कमी पडले तर छोटे टॉवेल टाका. शेवटी दोनदा खंगाळणं.

धुतलेला सुका इन्सर्ट गरम पाण्यात बुडवून वास घ्या. नाकाला झोंबणारा अमोनिया आला, किंवा बाळाने शू केल्यावर तासाभरात तसाच वास आला, तर धुणं कमी पडतंय. दुसरा इन्सर्ट स्वच्छ पाण्याच्या बादलीत जोरात हलवा. दाट, न विरणारा फेस आला तर साबण उरलाय, खंगाळणं वाढवा. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजायच्या पट्ट्या मिळतात. टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, नुसता जडपणा नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही जडपणाची स्वीकार्य मर्यादा आहे, पुष्कळ बोअर त्यापुढे असतात. अशा पाण्यात डिटर्जंटचं माप वाढवा, आणि निदान शेवटच्या खंगाळण्याला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

कापडात आतापर्यंत साचलेला थर काढायला आणि बुरशी असेल तर ती मारायला, स्वच्छ धुतलेले सुती लंगोट आणि सुती इन्सर्ट मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा. पीयूएलचं (प्लास्टिकचा पातळ वॉटरप्रूफ थर चिकटवलेलं) कव्हर, इलॅस्टिक, मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड) उकळायचं नाही. त्यांना ब्लीच: दहा लिटर गार पाण्यात सुमारे पाच टक्क्यांचं घरगुती ब्लीच ५० मिली, अर्धा तास, मग वास जाईपर्यंत खंगाळा. रंग उडू शकतो. या पाण्यात आधी धुतलेलेच डायपर टाका, कारण शूचा अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो. व्हिनेगर, अँटिसेप्टिक किंवा बाथरूम क्लीनर त्यात कधीही मिसळू नका. हे एकदाच करायचं, दर आठवड्याला नाही.

तुमचे इन्सर्ट मायक्रोफायबरचे असतील तर ते पॉकेटच्या आतच राहायला हवेत. ते थेट कातडीला लागले तर कातडीतलं तेल आणि ओलावाही ओढून घेतात. उघडे ठेवायचे तर सुती किंवा बांबूचे घ्या. नवे सुती, हेंपचे इन्सर्ट पाच-सहा धुण्यांनंतरच पूर्ण शोषायला लागतात, तोवर गळणं आणि ओलं राहणं चालायचंच.

पावसाळ्यात वरून सुका लागणारा डायपर आतल्या थरात ओला असतो. शिवणीपाशी, जिथे थर जास्त आहेत तिथे, दोन बोटांत दाबून गालाला लावा. गार लागला तर अजून सुकलेला नाही. इन्सर्ट सुटे करून पंख्याखाली टाका. सुती लंगोटांवर गरम इस्त्री फिरवा, कव्हरवर नाही, त्याचं पीयूएल सुटतं. सहा महिन्यांच्या बाळाला या दिवसांत चोवीस ते तीस लंगोट किंवा इन्सर्ट लागतात. संख्या कमी असेल तर महागडे नवे डायपर घेण्यापेक्षा साधे चौकोनी मलमलचे लंगोट घ्या. एकच थर असल्याने ते लवकर सुकतात आणि उकळताही येतात.