भूमध्य समुद्राकाठी गाड्यांच्या त्रासाशिवाय सायकलने फिरता येईल असा मार्ग कोणता?

तुम्ही लिहिलंय की दोघंही पन्नाशीच्या आसपास आहात, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर आरामात जमतं, ट्रकच्या बाजूने सायकल दामटायची हौस इथेच फिटली आहे आणि शेवटी समुद्र दिसला पाहिजे. मी एकच नाव सांगेन: स्पेनच्या कातालोनियातला ओलोत ते जिरोना आणि जिरोना ते सांत फेलिउ दे गिशोल्स हा मार्ग. पहिला टप्पा ५५ किलोमीटरच्या आसपास, दुसरा ४०च्या. दणकट माणूस एका दिवसात उरकतो. मी आणि बायकोने मे महिन्यात चार दिवस घेतले, आणि तेही कमी पडले.

एक अपेक्षा मात्र आधीच बाजूला ठेवा. सगळ्या वाटेवर एका हाताला समुद्र आणि गाडी एकही नाही, असं त्या किनाऱ्यावर फार क्वचित मिळतं. डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. मधे जी चिंचोळी सपाट पट्टी उरते ती रस्ता, रेल्वे आणि हॉटेलांनी कधीच बळकावली आहे. म्हणून नकाशात किनारा शोधू नका, बंद पडलेली रेल्वे शोधा. वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही, त्यामुळे मार्ग आखणाऱ्यांनी शंभर मीटरला दोन-तीन मीटरच्या वर चढ येऊ नये म्हणून डोंगर पोखरले, पूल टाकले, वळसे घेतले. ती सगळी मेहनत आता आपल्या गुडघ्यांच्या कामी येते. स्पेनने १९९३पासून अशा उखडलेल्या मार्गांना 'व्हिया वेर्दे', म्हणजे हिरव्या वाटा, करायला घेतलं, आणि आज त्या तीन हजार किलोमीटरहून जास्त आहेत.

या मार्गाला स्थानिक लोक 'कारिलेत' म्हणतात, म्हणजे छोटी रेल्वे. हे नाव ऐकून मला आमच्या जळगावकडची पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, पीजे, आठवली नसती तरच नवल. माझं आजोळ शेंदुर्णीचं, सुट्टीत पीजेच्या डब्याच्या दारात बसून पहूरपर्यंत जाणं हा आमचा मोठा प्रवास. पीजेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, कारिलेतचं ७५०. पीजे ५६ किलोमीटर, ओलोत-जिरोनाही जवळपास तेवढीच. आमच्याकडे कापूस, त्यांच्याकडे बुचं. सांत फेलिउच्या बुचाच्या कारखानदारांना माल बंदर आणि जिरोनाच्या मोठ्या रेल्वेपर्यंत न्यायचा होता म्हणून १८९२मध्ये तो टप्पा सुरू झाला. ओलोतकडचा तुकड्यातुकड्याने वाढत १९११मध्ये पुरा झाला. पुढे बस आणि ट्रक आले आणि १९६९मध्ये दोन्ही बंद. एवढी ओळख पटल्यावर तो मार्ग मला परका वाटलाच नाही.

सुरुवात ओलोतहून करा, समुद्राकडून नको. ओलोतला रेल्वे येत नाही, जिरोनाहून बसने जावं लागतं. सायकली भाड्याने देणारे काही जण माणसं आणि सायकली वर पोचवून देतात, ते आधी ठरवून घ्या. हा गारोत्शाचा भाग, ज्वालामुखींचा. थंडावून गेलेले, अंगावर झाडी चढलेले चाळीसेक डोंगर आहेत. क्रोस्कात नावाच्या डोंगराची एक बाजू खाणीसाठी कापलेली आहे, तिथे आतले काळे-तांबडे थर उघडे दिसतात. सह्याद्रीतला काळा पाषाण पाहून वाढलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं, फक्त इथला माल फार ताजा. एक दिवस ओलोतलाच ठेवा.

वाट सुरुवातीला काही किलोमीटर चढते. घाबरायचं कारण नाही, आमच्या शेजारून एक बाई मागे खुर्चीत पोर बसवून गप्पा मारत गेली. खिंड ओलांडली की जिरोनापर्यंत उतारच उतार. सांत फेलिउ दे पालेरोल्स, लेस प्लानेस, आमेर, आंग्लेस, अशी गावं लागतात. जुनी स्टेशनं तशीच उभी आहेत. जमीन डांबराची नाही, दाबून बसवलेली बारीक मुरमाड माती. चाकाखाली तिचा कुरकुर आवाज येतो, आणि दुपारपर्यंत पायाचे केस, बाटली, बॅगा सगळं पिवळसर धुळीने माखतं. मे महिन्यात कडेला खसखशीची लाल फुलं होती. मधे मधे रस्ते आडवे जातात, तिथे खांब रोवलेले असतात. दोन्ही बाजूंना बॅगा लटकवलेल्या असतील तर त्यांतून जपून जा. बायकोची उजवी बॅग अशाच एका खांबाने खाली उतरवली.

जेवणाच्या वेळा मात्र पाळा. आम्ही लेस प्लानेसला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. स्वयंपाकघर बंद, आता रात्री साडेआठला. बारमध्ये ऑलिव्ह आणि वेफर मिळाले, बाकी बॅगेतला चिवडा. दुपारी एक ते तीनच्या मधे टेबलावर बसलात तर थाळीसारखं ठरलेलं जेवण मिळतं. शाकाहारी असाल तर बटाट्याचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा, आणि टोमॅटो चोळून तेल घातलेला पाव. तो पाव मी चार दिवस खाल्ला आणि कंटाळलो नाही.

जिरोनाच्या अलीकडे साल्त गावाजवळ भाजीचे मळे लागतात. इथे माझं मागचं चाक बसलं. काटा. किटमध्ये ट्यूब होती, पंप होता, पण पंप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा आणि ट्यूब बारीक व्हॉल्व्हची. दुकानदाराने न बघताच पिशवी भरली होती, आणि मीही न बघताच घेतली होती. मळ्यातून एक म्हातारे गृहस्थ कुदळ ठेवून आले, काही न बोलता सायकल उलटी केली आणि खोपटातून स्वतःचा पंप आणला. जुन्या ट्यूबला थुंकी लावून भोक शोधलं, अगदी आमच्या पाचोऱ्याच्या सायकलवाल्यासारखं. मला कातालान येत नाही, त्यांना इंग्रजी नाही. निघताना त्यांनी बायकोच्या हातात ओंजळभर शेंगा ठेवल्या, पावट्याच्या मोठ्या भावासारख्या. त्या आम्ही जिरोनाच्या घाटावर बसून कच्च्याच सोलून खाल्ल्या.

जिरोना शहराबद्दल पानंच्या पानं लिहिलेली सापडतील, मी थांबत नाही. ओन्यार नदीवरचा लाल लोखंडी पूल तेवढा बघा. आयफेल टॉवरवाल्या आयफेलच्याच कंपनीने १८७७मध्ये, टॉवरच्या आधी, बांधलेला. शहरात सायकलवाल्यांची इतकी गर्दी असते की कॅफेत हेल्मेट घालून बसलेल्या माणसाकडे कोणी बघतही नाही.

पुढचा टप्पा वेगळा. क्वार्त आणि कासा दे ला सेल्वा करत वाट हळूहळू चढते, ल्यागोस्तेराच्या पुढे समुद्राकडे उतरते. क्वार्तपर्यंत शहराची वर्दळ आणि रस्त्याचा आवाज सोबत असतो, खोटं कशाला सांगू. पण मग बुचाचे ओक सुरू होतात. साल काढलेलं खोड बघून आधी वाटलं झाड भाजलंय. जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत तांबूस, गेरू फासल्यासारखं, आणि त्याच्यावर राखाडी, भेगाळलेली, हाताच्या पंजाइतकी जाड साल, जणू कोणी झाडाची चड्डी उतरवून सदरा तसाच ठेवलाय. सालीवर अंगठा दाबला की किंचित आत जातो आणि परत येतो. एकदा काढली की पुन्हा काढण्याजोगी व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. ज्या मालासाठी रेल्वे आली तो माल वाटेच्या कडेला अजून वाढतोय. रेल्वे मात्र गेली.

समुद्र शेवटपर्यंत दिसत नाही. सांता क्रिस्तिना दारो मागे पडलं की हवा दमट होते, पाइनचा वास येतो, आणि तरी पाणी नाही. वाट सांत फेलिउच्या गल्ल्यांत संपते, तिथून बंदर चालत गाठता येतं. आम्ही सायकली कट्ट्याला टेकवल्या, बूट काढले आणि धुळीचे पाय तसेच पाण्यात घातले. पाणी मे महिन्यात गार असतं, चांगलंच गार.

तिथून किनाऱ्याने तोसाकडे जाणारा रस्ता फोटोत फार देखणा दिसतो. लोक म्हणतात त्याला ३६५ वळणं आहेत. पण तो गाड्यांचा आणि मोटारसायकलींचा रस्ता आहे, तुमच्या अटीत बसत नाही. आम्ही पाचेक किलोमीटर जाऊन मागे फिरलो. त्यापेक्षा पालामोसहून पालाफ्रुजेलपर्यंतची जुन्या 'त्रेन पेतित'ची छोटी वाट करा, सहा किलोमीटरच्या आसपास आहे.

आणि समुद्र डोळ्यांसमोरून हलायलाच नको असेल तर इटलीत लिगुरियाला जा. सान लोरेंझो अल मारे ते ओस्पेदालेत्ती, २४ किलोमीटर. २००१मध्ये रेल्वे डोंगराच्या आतल्या बोगद्यात हलवली आणि पाण्यालगतचा जुना मार्ग सायकलींना मिळाला. डांबरी आहे, सपाट आहे, वाटेत सानरेमो येतं. पण संध्याकाळी तिथे पोरं, कुत्री, चार चाकांच्या पायडल-गाड्या यांची जत्रा असते. दौरा म्हणून नाही, एका सकाळची मजा म्हणून छान.

जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन आणि गर्दी दोन्ही. मे किंवा सप्टेंबर उत्तम. 'त्रामुंताना' नावाचा उत्तरेचा वारा सुटला तर एक दिवस सायकल बाजूला ठेवा. टायर ३५ मिलिमीटरच्या वरचे मागा, रेसिंग सायकल नको. आणि दुकानातून पाय काढायच्या आधी पंप व्हॉल्व्हला लावून बघा.