वाचनाला नव्याने लागताय ना, मग एवढंच करा

शंभर पुस्तकांची यादी मागितलीत, ती आधी बाजूला ठेवा. अशा यादीतलं सगळ्यात जाड पुस्तक आपण पहिलं उचलतो आणि साठाव्या पानाला दम लागतो. माझी एक कादंबरी अशीच दोन वर्षं उशाशी पडून होती. शेवटी तिच्यावर चष्मा ठेवायची सोय झाली.

सुरुवात दिवाळी अंकापासून करा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पाडलेला पायंडा हा. नवा लेखक सापडायला याहून स्वस्त वाट नाही. मागच्या वर्षीचे अंक रद्दीवाल्याकडे बघा. एका अंकात पंधरा-वीस जण भेटतात. जो आवडेल त्याच्या नावाभोवती अनुक्रमणिकेत पेन्सिलीने गोल करा, मग त्याचं पुस्तक ग्रंथालयातून आणा. लगेच विकत नको.

वाचलेल्याबद्दल लिहायचं असेल तर:

- कथानक सांगत बसू नका, ते मलपृष्ठावर असतं.
- 'अप्रतिम', 'नितांतसुंदर' हे शब्द पहिले सहा महिने बंद.
- एकच जागा घ्या, जिथे पान उलटायचा हात थांबला. का थांबला, ते दहा ओळींत लिहा.

नाही आवडलं तर तसंही लिहा, कुणी मारत नाही. समीक्षेची परिभाषा वगैरे पुढच्या वर्षी बघू.