सीमाभागात सेवा करणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. बैलहोंगलकडच्या त्या खेड्यात बायका तुला अजून 'मराठीवाली' म्हणतात, आणि बेळगावात आत्याकडे गेलीस की 'तू आता पक्की कानडी झालीस' असं ऐकून घ्यावं लागतं. मग दोन्हीकडच्यांनी आपलं म्हणावं म्हणून तू उजाडल्यापासून घरोघर औषधपाणी करत राबतेस. तुझ्या त्या राबण्याचीच मला काळजी वाटते.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच्या आधीचं वचन मात्र घाईत निसटतं. आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडे जात आहोत हे जाणून तो जेवणावरून उठला, मग त्याने रुमाल कमरेला बांधला. यार्देन नदीकाठी त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळीही तसंच झालं. 'माझा प्रिय पुत्र' ही वाणी ऐकू आली तेव्हा त्याने एकही रोगी बरा केला नव्हता. तू ख्रिस्तात देवाची लेक आहेस. गावातल्या बायकांनी किंवा आत्याने मान्य केलं तरच ते खरं, असं थोडंच आहे?

पंडिता रमाबाई मला अशा वेळी फार आठवतात. मराठी घरातली ही मुलगी १८५८ साली कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मली, आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी प्रेमाने आसरा दिला, तरी रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी सरळ विचारलं. कुणी याला हट्ट म्हणेल, मी म्हणणार नाही. आश्रय देणाऱ्यांपुढे असं बोलायला धीर लागतो. आणि तरीही पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या विदुषीलाही इतका काळ लागला. तू इतक्यात खचू नकोस.

कन्नड मनापासून शीक. जेवणाची चिंता नाही, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोन्हीकडे सारखीच. पण एकांतातही कन्नडमध्येच प्रार्थना करायचा जो नेम तू धरला आहेस, तो सोड. रडू येईल तेव्हा मराठीत रड, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग मोठ्याने म्हण. त्याने तुझी सेवा उणी होत नाही.

एक नोव्हेंबरचं तू विचारलंस. तिकडे कर्नाटकचा राज्योत्सव, इकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. १९५६ पासूनचं हे दुखणं तुझ्या-माझ्याने मिटणारं नाही. त्या दिवशी कुणी विचारलंच तर मी मराठी आहे असं शांतपणे सांग. पौलाने फिलिप्पै शहरात आपण रोमी नागरिक असल्याचं अधिकाऱ्यांना ठणकावून सांगितलं होतं, आणि त्याच फिलिप्पैकरांना पुढे लिहिलं की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. त्याला यातलं काहीच लपवावं लागलं नाही. कुणाला बरं वाटावं म्हणून घोषणा देऊ नकोस, आणि कुणाच्या भीतीने घरातही बसू नकोस. बाळंतीण तपासायची असेल तर नेहमीसारखी जा.

आणखी एक. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० साली सुरू झालं. तू जाण्याआधी कितीतरी पिढ्या त्या भागात येशूचं नाव घेतलं जात होतं. तुझ्या पत्रात मात्र मंडळीतले लोक फक्त तुझ्याकडून काही घेणारे दिसतात. येत्या रविवारी उपासना झाली की त्या थकलेल्या अज्जींजवळ बस आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून सांग. त्यांचे सगळे शब्द कळले नाहीत तरी चालेल. सोमवारी सुट्टी घे, खरोखरची. औषधांची पिशवी उचलायची नाही.

अज्जी काय म्हणाल्या ते कळव.

तुझी,
मावशी