अमेरिकेत फेडरल कोर्टातली सिव्हिल केस आपसात सेटल झाली, आता ती मागे कशी घ्यायची?

समोरच्याने अजून आन्सर (दाव्याला लेखी उत्तर) किंवा समरी जजमेंटचं मोशन (ट्रायलशिवायच निकाल द्या असा अर्ज) टाकलं नसेल तर फेडरल सिव्हिल प्रोसिजरच्या रूल ४१ खाली तुम्ही एकट्यानेच नोटीस फाईल करा, झालं, जजची परवानगी लागत नाही. टाकलं असेल तर केसमध्ये हजर झालेल्या सगळ्या पार्ट्यांच्या सह्यांचं स्टिप्युलेशन (लेखी संमतीपत्र) लागतं. नोटिशीत किंवा स्टिप्युलेशनमध्ये 'विथ प्रेज्युडिस' (म्हणजे केस कायमची बंद) लिहिलं नसेल तर सहसा तीच केस परत टाकता येते, म्हणून डिफेंडंटचा वकील ते शब्द घालायला लावणारच. आणि हो, पैसे हातात पडायच्या आधी घाई नको, कारण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या कोकोनेन निकालानुसार डिसमिसलच्या (केस काढून टाकण्याच्या) ऑर्डरमध्ये कोर्टाने सेटलमेंट पाळायला लावण्याचा अधिकार राखून ठेवला नसेल तर समोरच्याने सेटलमेंट मोडली तरी त्याच जजकडे आपोआप जाता येत नाही, बऱ्याचदा स्टेट कोर्टात नवीन दावा लावत बसावं लागतं.