पद्मिनी दारात, लेथ वाटेवर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. जुनी पद्मिनी गाडी दारात येऊन उभी राहिली, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा आहे आणि आता तिच्या सुट्या भागांसाठी लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, हवं आहे. त्यात पुढच्या आठवड्यात एमआयडीसीत एका बंद कारखान्याचा लिलाव आहे म्हणतोस. घाईत आहेस, म्हणून लिलावाआधी कळायला हवं ते आधी लिहितो. गाडीचं मागाहून.

गाडीसाठी मोठा लेथ लागत नाही. हेड प्लेन करणं, ब्लॉक बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं ही कामं बोअरिंगवाल्याची, त्याच्याकडेच जाऊ देत. तुझ्या वाट्याला येतात ती मुठीत मावणारी कामं: बुश (दांडी ज्यात फिरते ती नळी), पिना, स्पेसर, आटे गेलेला एखादा स्टड. साडेचार फुटी लेथ त्याला भरपूर झाला. एचएमटीचा लेथ पाहून कुणीही भुलतं, पण त्यांचे नेहमी दिसणारे लेथ टनाच्या पुढचे असतात. तुझी फरशी, गल्लीतलं वळण आणि घरचं सिंगल फेज मीटर, तिघांनाही ते झेपायचं नाही. बटाल्याचा किंवा राजकोटचा हलका लेथ चालेल. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लहान लेथ चांगल्या अवस्थेत मिळाला तर दोन पैसे जास्त मोज. मात्र तो कारखाना कधीच बंद झाला आहे, गिअर तुटला तर बाहेरून पाडूनच घ्यावा लागतो, हे किमतीत धर.

रंग बघू नकोस. विकायच्या आधल्या आठवड्यात मारलेला हिरवा रंग डायलच्या आकड्यांवरसुद्धा गेलेला असतो, त्यावरून काय ते ओळख. मशीन बघायला जाताना पिशवीत एवढं असू दे: मॅग्नेटिक स्टँडसकट डायल इंडिकेटर (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं घड्याळ), २५ मिमी जाडीचा ३०० मिमी लांब ग्राउंड बार, टॉर्च, चिंध्या, थोडं रॉकेल आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीसारख्या पातळ कागदाच्या दोन-चार पट्ट्या.

पहिली तपासणी बेडची, म्हणजे लेथच्या लांब बैठकीची. बेड झिजतो तो चकजवळच्या (काम धरून फिरवणाऱ्या पकडीजवळच्या) फूट-दीड फुटात, कारण कामाचा बहुतेक वेळ कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) तिथेच असतं. नख बेडच्या कडेवरून आडवं फिरव. झिजलेला भाग आणि कडेची न झिजलेली पट्टी यांच्यात पायरी लागते. मग कॅरेज चकजवळ आण, बेडखालच्या पट्टीचे बोल्ट इतके आवळ की कॅरेज जेमतेम हलेल, आणि हाताने टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे, ने. अर्ध्या वाटेत अडकलं तर झीज आहे. थोडी झीज म्हणजे मशीन वाया गेलं असं नाही. लहान कामं त्याच भागात होतात आणि तेवढ्या अंतरात फरक फारसा पडत नाही. पण कॅरेज हलवताच येत नसेल तर बेड ग्राइंड करायचा खर्च मशीनच्या किमतीला टेकतो.

स्पिंडलची, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याची, परीक्षा चकवरून करू नकोस. डायल चकच्या अंगावर लावून ‘रनआउट आहे’ (वाकडं फिरतं) म्हणणारे चकचा दोष स्पिंडलच्या माथी मारतात. डायल स्पिंडलच्या नाकावर लाव, बार चकमध्ये धर आणि बाहेरचं टोक हाताने वर उचलून बघ. काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलला तर बेअरिंग ढिलं आहे. कधी ते नुसतं आवळून भागतं, कधी बदलावं लागतं, भाव करताना बदलायचं धरून चाल. वीज असेल तर वरच्या स्पीडवर वीस मिनिटं चालव आणि हेडस्टॉकवर (स्पिंडलच्या पेटीवर) हात ठेव. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नाही.

मग झाकण उघडून बॅक गिअर (स्पिंडल हळू फिरवणारे गिअर) हाताने एक पूर्ण फेरा फिरव आणि टॉर्च मारून दात मोज. एक-दोन दात तुटलेले बऱ्याचदा सापडतात. कारण ठरलेलं: अडकलेला चक काढायला कुणीतरी बॅक गिअर लॉक करून चकवर पान्याने झटके दिलेले असतात.

चकचे जबडे पुढून फाकलेले असतात, ते असे तपास. ग्राउंड बार धर आणि जबड्याच्या पुढच्या टोकाशी कागदाची पट्टी अडकव. ओढल्यावर पट्टी सहज निघाली तर जबडा फक्त मागून धरतो आहे आणि पुढे काम थरथरणार. यावर विक्रेत्याशी वाद घालू नकोस, चक बदलता येतो. क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) हँडलची अर्धा फेरा ढिलाई बघूनही घाबरू नकोस. स्क्रूचा गनमेटलचा नट नवा पाडला की ती बरीचशी जाते.

आता यादी. मशीनबरोबर काय येतं यावर सौद्याचा निम्मा हिशेब असतो. चार जबड्यांचा चक, फेसप्लेट, लांब काम टेकवायची स्टेडी, टेलस्टॉकचं ड्रिल चक आणि सगळ्यात आधी चेंज गिअरचा (आट्यांचं पिच बदलणाऱ्या गिअरचा) पूर्ण संच. आटे पाडताना कॅरेज ओढणारा लीड स्क्रू इंचात चार आट्यांचा असेल तर १२७ दातांचा गिअर आहे का ते विचार. इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७, म्हणून या एका गिअरमुळे इंची मशीनवर मेट्रिक आटे बिनचूक पडतात. १.५ मिमी पिचला चालवणारा गिअर ३० दाती आणि लीड स्क्रूवर १२७ दाती. हा गिअर नसेल तर ‘आटे पडतात’ हे विक्रेत्याचं म्हणणं अर्धंच खरं. असे सुटे भाग नंतर जमवायला गेलास तर मशीनइतकेच पैसे त्यात जातात, म्हणून भांडी न दिलेला स्वयंपाकघराचा सौदा करू नकोस.

मोटर बहुधा थ्री फेज असेल. त्यावर उपाय व्हीएफडी, म्हणजे घरच्या सिंगल फेजवरून थ्री फेज काढणारा ड्राइव्ह. पण टर्मिनल बॉक्स उघडून आत सहा टोकं आहेत का बघ. स्टारमध्ये ४१५ व्होल्टची मोटर डेल्टात (वाइंडिंग जोडायच्या या दोन पद्धती) जोडली की २४० व्होल्टची होते (४१५ भागिले १.७३२), आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी तेवढेच व्होल्ट देतो. तीनच टोकं असतील तर वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टारचा जोड सोडवून घ्यावा लागेल. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना ड्रम स्विच ठेवू नकोस. चालू असताना तो फिरवलास की ड्राइव्ह उडतो. चालू-बंद आणि उलट-सुलट सगळं व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरून कर.

लिलावाचं आता. लॉटला किती बोली लावायची याचा तळ भंगाराने ठरतो. मशीन ५०० किलोचं आणि बिडाचा भाव किलोला ३५ रुपये धरला तर साडेसतरा हजारांच्या खाली ते कुणी सोडणार नाही, कारण शेजारी बसलेला भंगारवाला त्याच हिशेबाने आला आहे. त्या दिवसाचा खरा भाव आदल्या दिवशी विचारून ठेव. वरची मर्यादा घरीच कागदावर लिही आणि ती लिहिताना जीएसटी, भंगार म्हणून विकलं तर टीसीएस (विक्रेता किमतीवर वसूल करतो तो आयकर), लिलावदाराचं कमिशन, क्रेन आणि टेम्पो आधी वजा कर. सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांचा माल बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो. तिथे बयाणा आधी भरावा लागतो आणि बोली जिंकून माघार घेतली की तो जप्त होतो. ‘जसे आहे, जिथे आहे’ याचा अर्थ शब्दशः घे. उचलायची मुदत चुकली की जागेचं भाडं चढतं.

पाहणीच्या दिवशी कसं वागायचं हे कुणी लिहून देत नाही, म्हणून लिहितो. परवानगीशिवाय मशीन चालू करायचं नाही. एका लॉटमधली चकची चावी उचलून दुसऱ्या लॉटच्या ट्रेमध्ये ठेवायची नाही, पुढच्या खणात लपवायची तर नाहीच. ही चोरी आहे आणि लोक ती बघत असतात. मशीन हवं असेल तर ते भिकार असल्याचं मोठ्याने सांगत फिरायचं नाही, हा डाव सगळ्यांना माहीत आहे. ओळखीच्या माणसाला तोच लॉट हवा असेल तर बोली सुरू व्हायच्या आधी बोलून घे, एकाने दुसरा लॉट घ्यावा. मात्र पाच-सहा जण मिळून भाव पाडायचा आणि नंतर बाहेर वाटून घ्यायचं, या कोंडाळ्यात शिरू नकोस. ते बेकायदाही ठरू शकतं आणि लिलावदाराने एकदा ओळखलं की पुढच्या वेळी तुझा बयाणा घेतला जात नाही.

एक गोष्ट नवख्यांना सुचत नाही. टॅप (आटे पाडायचं हत्यार), रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं), मायक्रोमीटर असलं सामान बरेचदा टनावारी भंगाराच्या लॉटमध्ये असतं आणि तो लॉट भंगारवालाच घेतो. घेऊ दे. संपल्यावर त्याच्याकडे जा, चहा सांग, ‘हा खोका मला द्या’ म्हण आणि भंगाराच्या दुप्पट दर दे. त्याला तो खोका वजनाने गेला काय आणि तुला गेला काय, सारखंच. तू त्या जागी बोली लावत बसला असतास तर चार टन पत्रा गळ्यात पडला असता. मायक्रोमीटर घेताना टोकं पुसून बंद कर आणि शून्य बघ, मग २५ मिमीचा स्लिप गेज (नेमक्या मापाचा ठोकळा) धर. व्हर्निअर बंद करून उजेडासमोर धर, जबड्यांमध्ये उजेडाची तिरकी फट दिसली की ठेवून दे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोर बाजारात गेलास तरी हेच. तिथे व्हिटवर्थचे (जुन्या इंची आट्यांचे) टॅप ढिगाने आणि स्वस्त मिळतात. स्वस्त आहेत म्हणून घेऊ नकोस, गाडी मेट्रिक आहे.

मशीन उचलताना कॅरेज आणि टेलस्टॉक हेडस्टॉकपासून दूरच्या टोकाकडे सरकवून लॉक कर, कारण वजन हेडस्टॉककडे असतं. पट्टा बेडभोवती घाल. लीड स्क्रू आणि फीड रॉडवर भार आला की ते वाकतात आणि सरळ होत नाहीत. उतरवायला कोण येणार आणि हमालीचा दर काय, हे गेटवर पोचायच्या आधी ठरव. जागेवर बसवल्यावर बेडचा पीळ काढ: २५ मिमीचा बार फक्त चकमध्ये धरून १५० मिमी अंतरावर दोन कॉलर एकाच काटात काढ आणि मोज. व्यास सारखे येईपर्यंत टेलस्टॉककडच्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) घाल.

आता गाडी. मूळची ही फियाट ११०० डी, १९६४ पासून कुर्ल्यात प्रीमिअरने बांधली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. साधी गाडी आहे, फक्त तिला पाण्याची हेळसांड चालत नाही. हेड अॅल्युमिनिअमचं, ब्लॉक बिडाचा. बोअरवेलचं पाणी नुसतं ओतत राहिलं की हेडमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या जातात, मग गॅस्केट फुंकतं, इंजिन तापतं आणि हेड वाकतं. हेड काढलंस तर सरळ पट्टी कर्णावर ठेवून ०.०५ मिमीचा फीलर (मापाची पातळ पट्टी) घाल. शिरला तर प्लेन करायला दे, पण खाल्लेल्या कडा आधी आर्गन वेल्डिंगने भरून घे. बसवताना नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळ. कुर्ल्याच्या भंगार बाजारात हेड शोधत असशील तर टॅक्सीचं आहे का विचार. बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर धावल्या आहेत, त्यांच्या व्हॉल्व्ह सीट खोल बसलेल्या असू शकतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे हा मालही आता आटत जाणार.

उन्हाळ्यात गाडी बंद पडून पाच मिनिटांनी पुन्हा चालू होते, तो पेट्रोलच्या वाफेचा त्रास. पंपावर ओलं फडकं हा टॅक्सीवाल्यांचा उपाय खरा आहे. पण आधी पेट्रोलची नळी एक्झॉस्टला खेटून गेली नाही ना, आणि पंपाखालचा उष्णता अडवणारा स्पेसर कुणी काढून नुसतं पातळ गॅस्केट घातलं नाही ना, ते बघ. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यांमधले बुश झिजले की गिअर ‘सापडत’ नाहीत. ते नायलॉनमध्ये एका दुपारी होतात, लेथवरचं पहिलं काम म्हणून तेच घे.

दुसरं काम कार्ब्युरेटरचं. गाडी आयडलला धरत नसेल तर इंजिन चालू ठेवून थ्रॉटल स्पिंडलच्या दोन्ही टोकांना तेलाचा थेंब सोड. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. स्पिंडल नवा करून भागत नाही, भोकच लंबगोल झालेलं असतं. प्लेटचे दोन स्क्रू मागून ठोकून फुलवलेले असतात, ते कानशीने सपाट केल्याशिवाय काढायला गेलास तर स्पिंडलमध्ये तुटतील. प्लेटची कड तिरकी असते, म्हणून काढण्याआधी खालच्या बाजूला खूण कर आणि फोटो काढ. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, ती व्हाइसमध्ये आवळली तर तडकते. पितळी पत्रा मध्ये घालून हलक्या हाताने धर. दोन्ही बाजूंची भोकं एकाच लांब रीमरने, एकाच दमात कर, म्हणजे ती एका रेषेत राहतील. बुश फॉस्फर ब्राँझचा, बाहेरून भोकाला जेमतेम सरकेल इतका, आणि रिटेनिंग कंपाउंड लावून बसव. ठोकून बसवायच्या फिटला ही बॉडी दाद देत नाही. आतून स्पिंडलला ०.०३ ते ०.०४ मिमी जागा ठेव. कंपाउंड २४ तास सुकल्यावर स्पिंडल घालून सोड, स्वतःच्या वजनाने फिरला पाहिजे. अडकला तर रीमर पुन्हा एकदा हाताने फिरव, ड्रिल मशीनवर नाही.

बुशच्या ब्राँझचा बार लिलावातल्या भंगारात दिसला तर सोडू नकोस.

लोभ असावा.